मृत्यूसह इतर गुंतागुंत

“ह्याला उतरवा!” असं काका म्हणाले की पुढच्या-मागच्या बाकांवरचे लोक दचकून आपापलं तिकीट चाचपायचे. निलंगा-नांदेड गाडीचे ते कंडक्टर. कंडक्टरनं उतरवा म्हटल्यावर आता कुणाची तरी पिशवी रस्त्यावर पडणार, असंच कुणालाही वाटणार. पण काका ज्याला उतरवायचे तो माणूस नसायचा. माझ्या मांडीवरच्या कागदावरचा एखादा शब्द असायचा.

“ह्यो बघा, ‘प्रक्रियापश्चात’. ह्याच्यापाशी तिकीट न्हाई. चढला कुठं, उतरनार कुठं, कुनाला पत्ता न्हाई. उतरवा.”

मी पेनानं तो शब्द खोडायची. काकांचं बोट पुढच्या ओळीवर सरकायचं. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिच्या जागी काळा दोरा कानाला गुंडाळलेला. गाडी खड्ड्यात आदळली की बोट दोन ओळी खाली जायचं, मग ते पुन्हा मोजून वर आणायचे.

मी औशाची. लातूरच्या एका हृदयरोगाच्या दवाखान्यात ऑफिसात काम करते. सकाळी सव्वाआठला औशाच्या स्टँडवर ही गाडी यायची आणि नऊच्या आत मला लातुरात सोडून पुढं अहमदपूर, लोहा करत नांदेडला जायची. आठवड्यातले चार-पाच दिवस तिच्यावर काकाच असायचे. पन्नाशी ओलांडलेले, अंगानं किडकिडीत, खाकी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. बोलणं भराभर आणि तोडून. असे कंडक्टर तुम्हीही पाहिले असतील. गाडीभर माणसांना नातेवाइकासारखं रागावणारे, आणि कुणी आजारी बाई चढली की स्वतःची जागा देऊन दारापाशी उभं राहणारे.

त्यांची माझी ओळख झाली ती त्यांच्या घोड्यामुळं.

एके दिवशी बुधोड्याच्या पुढं काका तिकीट देता देता थांबले. मशीन काखेत मारलं, मधल्या वाटेत उकिडवे बसले, नाक चिमटीत धरलं, गाल फुगवले, डोळे मिटले आणि जोर लावला. चेहरा लालबुंद झाला. माझ्या शेजारची म्हातारी म्हणाली, “कुनीतरी लागट बोललं जनू बिचाऱ्याला.” दहा-पंधरा सेकंदांनी काकांनी श्वास सोडला, मनगटावर दोन बोटं ठेवून पाहिलं आणि उठून म्हणाले, “गेलं.”

“काय गेलं?” मी विचारलं.

“घोडं. दिलात सुटतंय कधीमधी. नाक दाबून जोर केला की थांबतंय. डाक्टरनंच शिकिवलंय.” मग त्यांची नजर माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर गेली. “तुम्ही दिलाच्या दवाखान्यात हाव का, ताई?”

मी हो म्हणाले. त्यांनी मशीन पुन्हा हातात घेतलं, राहिलेली तिकिटं दिली आणि परत येऊन खिशातून मोबाइल काढला.

“मग हे बघा बरं काय लिवलंय.”

पडद्यावर आमच्याच दवाखान्याचं पान होतं. वर निळ्या रंगात हसऱ्या डॉक्टरांचं चित्र, खाली मजकूर. तो मजकूर माझा होता. माझा म्हणजे काय, दवाखान्याची वेबसाइट मराठीत करायची ठरली, ऑफिसात मराठी टाइप करणारी मी एकटी. इंग्रजी मजकूर कॉम्प्युटरच्या भाषांतरात टाकला, जे बाहेर आलं त्यातल्या वेलांट्या-उकार नीट केले आणि एका दुपारात सहा पानं चढवली. मॅनेजरसाहेब “व्वा!” म्हणाले होते.

काकांनी चष्मा लावला आणि चालत्या गाडीत खणखणीत आवाजात वाचलं, “‘या प्रक्रियेत हृदयातील असामान्य ऊती उष्णतेद्वारे नष्ट केल्या जातात. मृत्यूसह इतर गुंतागुंत उद्भवू शकते.’ आता सांगा. ऊती म्हंजी काय?”

“म्हणजे... शरीराचा भाग. पेशींचा.”

“म्हंजी दिलाचा भाग नष्ट करायचा. नष्ट केल्यावर ऱ्हायलं काय?” त्यांनी बोट पुढं सरकवलं. “आन ही गंमत बघा. मृत्यूसह इतर गुंतागुंत. मृत्यू आल्यावर आनखी इतर कोन येनार हाय? मेल्यावर काय ऱ्हातंय गुंतायचं?”

मागचा अख्खा बाक हसला. मीही हसले. हसताना माझे कान तापले होते.

मग त्यांनी सांगितलं ते असं. वीस वर्षं हे घोडं सुटत होतं. अलीकडं फार वाढलं. आमच्याच दवाखान्यात महिन्यातून एकदा हैदराबादहून हृदयाच्या ठोक्यांचे मोठे डॉक्टर येतात, त्यांनी तपासून सांगितलं होतं की जांघेतल्या शिरेतून तार घालून हे कायमचं थांबवता येतं. तारीख मिळाली होती. ही गेल्या वर्षीची गोष्ट. त्या तारखेच्या आदल्या आठवड्यात काका मोबाइल घेऊन बसले.

“व्हिडिओवाले खोटं बोलतेत हे मला म्हाईत हाय, ताई. एक म्हनतो उपाशी लसून खा. एक म्हनतो काळीज जाळून टाकतेत. त्यांचं कोन मनावर घेतंय? पर दवाखाना कशाला खोटं लिवंल? म्हनून हे खरं धरलं आन तारीख सोडून दिली.”

लातूर आलं. मी उतरले. ते पान मीच लिहिलंय, हे काही माझ्या तोंडून निघालं नाही.

ऑफिसात गेल्यावर मी ते पान पहिल्यांदाच वाचणाऱ्याच्या बाजूनं वाचलं. खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. पण एकही वाक्य असं नव्हतं की जे मी माझ्या आईला म्हणून दाखवलं असतं. मॅनेजरसाहेबांना विचारलं, “पान बदलू का?” ते म्हणाले, “कुणी तक्रार केलीय का?” मी म्हणाले, “नाही.” तक्रार करणारा माणूस तारीख सोडून निलंग्याला निघून गेला होता, तो तक्रार कुठं नोंदवणार?

दुसऱ्या दिवशी मी कोरे कागद घेऊन गाडीत चढले. काकांना म्हणाले, “दवाखान्याला नवीन पान करायचंय. मी वाचते, तुम्ही ऐका. जे कळणार नाही ते सांगा.”

“मला काय कळतंय, ताई? धाव्वीपातूर शिकलेला मानूस मी.”

“म्हणूनच.”

असं सुरू झालं. औसा सुटलं की बुधोड्यापर्यंत तिकिटं, आणि तिथून लातूरपर्यंत पान. दहा-पंधरा मिनिटं मिळायची. मी एक वाक्य वाचायची, ते गाडीबाहेर बघत ऐकायचे. पटलं तर “चला पुढं.” नाही पटलं तर “उतरवा.” ‘अनियमित स्पंदने’ उतरली. ‘विद्युत संवहन’ उतरलं. ‘रुग्णाने घाबरून जाऊ नये’ हेही उतरलं. “घाबरू नका म्हनलं की मानूस आदी घाबरतंय. काय हुनार ते सांगा, मग घाबरायचं का न्हाई ते त्याचं तो बघंल.”

सगळ्यांत अवघड गेलं ते मुळात होतं काय, हे सांगणं. मी चार दिवस आकृत्या काढत होते. पाचव्या दिवशी काकांनीच खिडकीबाहेर हात केला.

“ह्यो मोठा रस्ता हाय न्हवं? आन ती पलीकडं शेतातून जानारी गाडीवाट. समजा गाडी मोठ्या रस्त्यानं लातूरकडं निघाली आन पोचायच्या आत त्या गाडीवाटंनं उलटी फिरली, पुन्हा रस्त्याला लागली, पुन्हा उलटी. गाडी लई पळायलीय, पर पोचायली कुठं? असंच हाय का दिलातलं?”

पानासाठी विचारलं तेव्हा डॉक्टरांनी मला कागदावर जे काढून दाखवलं होतं ते हेच. काही माणसांच्या हृदयात विजेचा संदेश जायला एक जास्तीची वाट असते, आणि संदेश कधी कधी तिथं अडकून गोल गोल पळतो. मी ते वाक्य तसंच्या तसं लिहून घेतलं.

आणखी एक सवय होती त्यांना. मी वाचलं की ते जवळच्या एखाद्या प्रवाशाला विचारायचे, “मावशी, ह्या ताईनं काय वाचलं ते सांगा बरं मला.” कळलं का, असं कधी विचारायचे नाहीत. “कळलं का इचारलं की सगळेच हाव म्हनतेत, ताई. मी बी डाक्टरला हावच म्हनलो व्हतो.” एकदा भाजीच्या पाट्या घेऊन बसलेल्या एका बाईंनी ऐकून सांगितलं, “दिलाला डागणी देतेत म्हनं. बैलाला देतेत तशी.” काका माझ्याकडं वळले. “बघा. लाल सळई दिसली त्यांना.” मग तीन दिवस आम्ही त्या एका वाक्यावर घालवले. शेवटी झालं ते असं: तारेचं टोक गरम करून ती जास्तीची वाट बंद करतात, आणि ती जागा तुरीच्या डाळीएवढी असते. त्या बाईंना पुन्हा वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “डाळीएवढंच व्हय! मग इतकं भ्यायचं कशाला?” काका खुशीत दाराकडं गेले.

माझ्या कामाकडं इतकं मन लावून त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं.

पण ते जुनं पान माझंच होतं, हे मी अजून सांगितलं नव्हतं.

एके दिवशी वाचन संपलं, गाडी लातूरच्या सिग्नलला थांबली होती, आणि मी सहज विचारलं, “काका, घरी कोण कोण असतं?” ते म्हणाले, बायको असते. मुलगी होती, तिचं लग्न झालं, भोकरला दिली. मग म्हणाले, “लगीन मी बघितलं न्हाई.”

मला वाटलं, मुलीनं मनानं केलं असेल. तसं नव्हतं. लग्न निलंग्यातच होतं, मंगल कार्यालयात. वैशाखाचं ऊन, दोन दिवसांची झोप नाही, पाहुण्यांची धावपळ. अक्षता पडायच्या अर्धा तास आधी घोडं सुटलं. नाक दाबून जोर केला, पाय वर करून झोपले, काही उपयोग नाही. डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली तसं जावयाच्या मित्रानं गाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. इंजेक्शन दिल्यावर थांबलं, पण डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. कन्यादान धाकट्या भावानं केलं.

“परत आलो तवा मांडवात खुर्च्या एकात एक घालून रचायलते. वऱ्हाड गेलं व्हतं. भोकर काय जवळ हाय का? थांबून थांबून थांबनार किती लोक.” त्यांनी चष्म्याचा दोरा कानामागं नीट केला. “त्या तारखेला गेलो असतो तर लग्नाच्या आदी तीन महिने मोकळा झालो असतो.”

ती तारीख कुठली, हे विचारायची गरज नव्हती.

त्या दिवशी कामात माझं लक्ष लागलं नाही. आईला सांगितलं तर ती म्हणाली, “तुला काय माहीत होतं? आता सांगून काय त्यांच्या मुलीचं लग्न पुन्हा होणार आहे?” खरं होतं. तरी दुसऱ्या दिवशी लातूरच्या स्टँडवर उतरल्यावर मी पुढं गेले नाही. काका खाली उतरून चहाच्या टपरीकडं निघाले होते, त्यांना गाठलं.

“काका, ते पान मी लिहिलं होतं. मृत्यूसह इतर गुंतागुंत. ते माझं वाक्य आहे.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागावतील असं वाटलं, नाही रागावले. हसले पण नाहीत. “हाव का,” एवढंच म्हणाले, चहा न घेताच गाडीत चढले आणि बेल दिली.

पुढचे आठ दिवस त्यांनी माझा पास पाहिला आणि पुढं गेले. ताई नाही, काही नाही. बुधोडा यायचं, जायचं. मी मांडीवर कागद घेऊन बसायची, ते दारापाशी पाठ करून उभे असायचे. दुसऱ्या गाडीनं जावं असं रोज सकाळी मनात यायचं. पण दुसऱ्या गाडीत चढले असते तर पुन्हा कधी या गाडीत चढता आलं नसतं, हेही कळत होतं.

नवव्या दिवशी ते आले आणि समोरच्या बाकाचा दांडा धरून उभे राहिले.

“धोक्याचं लिवलं का?”

“काय?”

“ह्यात धोका काय हाय ते. तुम्ही वाट लिवली, डाळ लिवली. धोका कुठं हाय?”

मी म्हणाले, “काका, तुम्ही...”

“राग आला व्हता,” ते म्हणाले. “तुमचाच आला व्हता. मग ध्यानात आलं, मी बी कुनाला इचारलं न्हाई. डाक्टरचा नंबर खिशात व्हता. वाचलं आन घरी बसलो.” गाडीनं वळण घेतलं, ते थोडे कलले, पुन्हा सरळ झाले. “ते जाऊ द्या. उद्या दुसरा कोनी ते पान वाचंल. त्याच्याबी घरी लगीन असंल. लिवा धोका.”

धोक्याचं वाक्य लिहायला आम्हाला सगळ्यांत जास्त दिवस लागले. खूप कमी जणांच्या बाबतीत नेहमीची चांगली वाटही दुखावते, मग पेसमेकर बसवावा लागतो. जांघेत रक्त साकळू शकतं. जिवावर बेतणं फार क्वचित, पण अजिबात होत नाही असं नाही. “असंच लिवा,” काका म्हणाले. “आन खाली लिवा, न्हाई केलं तर काय हुतंय. दोन्ही पारडी दिसू द्या मानसाला.”

पान पुरं झाल्यावर मॅनेजरसाहेबांना दाखवलं, तर त्यांनी नेमकं तेच खोडलं. त्यांना तिथं ‘शंभर टक्के सुरक्षित’ हवं होतं. मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, “साहेबाला म्हना, एक पेशंट हाय, तारीख सोडून गेलेला. धोका लिवला तर येतो म्हनायलाय. शंभर टक्के लिवलं तर न्हाई येत.” मी हे हैदराबादच्या डॉक्टरांसमोर जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी पूर्ण पान वाचून घेतलं, गाडीवाटेपाशी हसले, आणि मॅनेजरसाहेबांना म्हणाले, “हे असंच जाईल.”

आणि काका खरंच आले. बायकोला घेऊन, एका पिशवीत दोन चादरी आणि पितळी तांब्या. वॉर्डात शेजारच्या खाटेवर कंधारकडचे एक गृहस्थ होते, त्यांचीही तीच तक्रार. काकांनी छापलेलं पान त्यांना वाचून दाखवलं आणि मग सवयीनं म्हणाले, “आता तुम्ही सांगा बरं मला.” सिस्टर मला बाहेर येऊन म्हणाल्या, “हे पेशंट आहेत की स्टाफ?”

आत जाताना त्यांनी बायकोच्या हातात घड्याळ काढून दिलं. माझ्याकडं बघून मान हलवली.

दोन तास लागले. सगळं नीट झालं. पाय सरळ ठेवून उताणं पडायचं असतं, तसे ते पडले होते. मी जवळ गेले. मला वाटलं, आता म्हणतील, घोडं गेलं. त्यांनी डोळे वटारले.

“ताई, पान चुकलं!”

“काय झालं?”

“त्येनी घोडं मुद्दाम सोडलं! मी जागा व्हतो. जरा कुठं निवांत पडलो, तर धाड धाड सुरू. मला वाटलं, संपलं आता. बायकोचं तोंड दिसायलं. मग त्यो डाक्टर म्हनतो, घाबरू नका, आम्हीच चालू केलंय, वाट सापडायला. हे कुठं लिवलंय आपल्या पानात?”

कुठंच नव्हतं. डॉक्टरांसाठी ती इतकी रोजची गोष्ट होती की त्यांनी मला सांगितली नव्हती. मला कशी ठाऊक असणार? आणि गाडीतल्या एकाही माणसाला विचारायचं सुचलं नसतं. ते फक्त टेबलावर पडलेल्या माणसालाच ठाऊक असतं.

“कागद घ्या,” काका म्हणाले. पाय हलवता येत नव्हता, म्हणून नुसता हात हलवत होते. मी त्यांच्याच केसपेपरच्या झेरॉक्सच्या मागं लिहून घेतलं: ‘तपासणी चालू असताना डॉक्टर तुमचा त्रास मुद्दाम सुरू करतील. छाती धडधडेल. भीती वाटेल. तो त्यांच्या ताब्यात असतो, ते लगेच थांबवतात. वाट कुठं आहे हे कळायला तसं करावंच लागतं.’ त्यांनी एकदा वाचून घेतलं. ‘भीती वाटेल’ यावर बोट ठेवून म्हणाले, “हे ऱ्हाऊ द्या. कुनी सांगितलं तरी काढू नका.”

ते मी आजपर्यंत काढलेलं नाही.

पुढच्या वर्षी भोकरहून बारशाचं बोलावणं आलं. मुलीला मुलगी झाली होती. नांदेडपर्यंत काकांच्याच गाडीनं गेले, पण त्या दिवशी ते शेजारच्या बाकावर बसलेले, पांढरा सदरा, हातात झबली-टोपड्यांची पिशवी. तिकीट काढताना नव्या कंडक्टरला त्यांनी मशीन कसं धरावं ते शिकवलं. नांदेडला भोकरची गाडी बदलली.

बारशात मी त्यांना एकदाही बसलेलं पाहिलं नाही. पाळणा त्यांनीच बांधला, फुगे त्यांनीच लावले, पंगतीत बुंदी त्यांनीच वाढली, तीही धावत. त्यांची बायको एकदा म्हणाली, “अवं, बसा की जरा.” ते म्हणाले, “बसतो कशाला? मागल्या येळचं बी ह्याच्यातच हाय.” मुलगी पाळण्यापाशी उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि दुसरीकडं बघितलं.

जावयाच्या वडलांशी माझी ओळख करून देताना काका म्हणाले, “ह्या ताईनं पान लिवलंय. मी हाय त्यात.”

ती आमची शेवटची भेट असेल असं काही वाटलं नव्हतं. निघताना त्यांनी मला भोकरच्या स्टँडवर गाडीत बसवून दिलं, कंडक्टरला दम दिला, “ताईला लातूरला जायचंय, नांदेडात नीट उतरवा,” आणि दुसरं गिऱ्हाईक दिसल्यासारखे वळून निघून गेले. निरोप घेणं त्यांना जमायचं नाही.

बारशासाठी घेतलेल्या रजेतच ते निवृत्त झाले आणि कंधारजवळ त्यांच्या गावी राहायला गेले. सुरुवातीला फोन यायचा. ठोका चुकल्यासारखं होतंय, म्हणून घाबरून एकदा आला. नंतरही कधीमधी तसं होतं, डॉक्टरांना विचारून मी सांगितलं. “मग लिवा की ते,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी लिहिलं. मग फोन कमी झाले. माझ्याही मागं आईचं आजारपण लागलं. करू, करू म्हणत राहिले.

आता त्या गाडीला दुसरे कंडक्टर आहेत. सज्जन आहेत, तिकीट देतात आणि आपल्या जागेवर जाऊन बसतात. दवाखान्याची पानं आता चाळीसच्या वर गेलीत. मी लिहिते, ऑफिसात वाचून दाखवते. सगळे म्हणतात, “छान झालंय.” बुधोडा मागं पडलं की मी अजून एखादं वाक्य मनात म्हणून बघते. खिडकीबाहेर तुरीची रानं सरकत जातात, आणि वाक्य चांगलं आहे की वाईट ते काही केल्या समजत नाही.

परवाच्या सोमवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. भोकरहून त्यांची मुलगी बोलत होती. “ताई, बाबा गेले. पंधरा दिवस झाले.”

मी खुर्चीवर बसलेलेच होते. तिचं बोलणं चालू होतं आणि माझ्या हातानं आपोआप ते पान उघडलं. धोक्याच्या परिच्छेदावर बोट जाऊन थांबलं. आपण काय लिहायचं विसरलो? डॉक्टरांनी काय सांगितलं नव्हतं? कुठली ओळ कमी पडली?

“ताई, ऐकायलात ना?” ती म्हणाली. “काविळीनं गेले. लिव्हर खराब झालं होतं. दोन महिने लई काढलं. पण शुद्धीवर होते शेवटपर्यंत. आदल्या दिवशी मला जवळ बोलावून म्हणले, त्या ताईला फोन कर. म्हणावं, दिलानं न्हाई गेलो. दिल शेवटपातूर नीट चालतंय. हे पह्यलं सांग. न्हाईतर ती पान उघडून बसंल.”